सुरबालेची चूल

हाजरा रोड, कलकत्ता
१९ नोव्हेंबर १९५०

चि. सरला हिस,

दादाचे आशीर्वाद. ठेवून घ्यायचे की उलट टपाली परत पाठवायचे, ते तू ठरव.

तुझा पत्ता बराकपूरच्या मनोहरने दिला. मागितला तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या तिजोरीची किल्लीच मागत होतो. शेवटी चुलतभाऊ असल्याची लाज धरून दिला. तू नदीपलीकडच्या बायकांच्या छावणीत परिचारिका आहेस, मे महिन्यापासून आहेस आणि आमच्यापासून आगगाडीने दोन तासांवर आहेस, हे मला परवा कळलं. लहानपणी तुला भूगोल मी शिकवायचो. कुठल्या देशातून कुठे गहू जातो हे तू घडाघडा सांगायचीस. सख्खी बहीण कुठे आहे हे मात्र मला माहीत नव्हतं.

काम आहे म्हणून लिहितो आहे. काम नसतं तर लिहिलं असतं का, असं तू विचारशील. नसतं लिहिलं. तेवढा तरी खरेपणा या पत्रात असू दे.

तुमच्या छावणीत सुरबाला बिश्वास नावाची बाई असावी. वय साठ-पासष्ट, विधवा, पूर्व पाकिस्तानातल्या बारिसाल जिल्ह्यातली. डाव्या भुवईवर जुना भाजल्याचा डाग आहे. ऑक्टोबरच्या शेवटी डमडमच्या बाजूच्या जुन्या लष्करी बराकींतून एकट्यादुकट्या बायकांचा ट्रक तुमच्याकडे आला, त्यात तिला चढवलं. पण ती एकटी नाही. तिचा मुलगा निताई, सून कमला आणि दोन नातवंडं अजून बराकीतच आहेत. यादी करताना कुणा कारकुनाच्या हातून चूक झाली आणि म्हातारी वेगळी पडली. मार्चपासून माणसांचा लोंढा चालू आहे, अशा चुका होतात.

ही कमला रोज आमच्या पुनर्वसन कचेरीच्या जिन्यावर येऊन बसते. शिपाई उठवतो, तेव्हा दोन पायऱ्या खाली सरकते आणि पुन्हा बसते. मांडीवर काळ्या दगडाचा एक वाडगा असतो. इकडच्या विधवा दगडाच्या भांड्यात जेवतात, हे तुला माहीत आहे. ट्रक आला तेव्हा कमला नळावर होती. परत आली तर सासू नाही आणि वाडगा तिथेच. रडत नाही, ओरडत नाही. मी जिना चढायला लागलो की फक्त वाडगा पुढे करते.

या कुटुंबाला अंदमानात शेतजमीन मिळाली आहे. जहाज १६ डिसेंबरला सुटतं. त्याआधी म्हातारी सापडायला हवी. शोधून दोन ओळी कळव.

तुझी वहिनी शकुन बरी आहे. तुला लिहितो आहे हे तिला सांगितलेलं नाही. उत्तर आलं नाही तर उगाच दोघांना वाईट वाटायचं.

तुझा दादा,
चारुदत्त


हाजरा रोड, कलकत्ता
२८ नोव्हेंबर १९५०

चि. सरला हिस, आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. ‘रा. रा. चारुदत्त खांबेटे यांस’! आमच्या घरमालकालाही मी याहून मायेने लिहितो. पण तीन ओळींत तू सगळं कळवलंस, म्हणून तक्रार करत नाही. बाई सात नंबरच्या शेडमध्ये आहे. बोलत नाही. जेवत नाही.

जेवत नाही हे वाचून मी कार्ड उलटं ठेवलं. मग पुन्हा वाचलं. तुमच्याकडे सगळ्यांचं एका कढईत शिजतं, कुणाच्याही हातचं, कांदा घातलेलं. ती ते शिवणार नाही. चुरमुरे आणि पाणी यावर महिना काढला म्हणतेस. तुझी चीड मला कळते. ज्या बाईचं गाव गेलं, घर गेलं, तिने सोवळं कशाला धरून बसावं, असंच तुझ्या मनात असणार. दुष्काळात हजारो माणसांना एका पातेल्यातलं वाढलेला तुझा हात. पण सरले, तिच्याकडे दुसरं उरलं काय आहे? शेडमागे तीन विटा मांडून दे तिला. मूठभर तांदूळ कोरडे दे. नियमात बसत नसेल, तर नियम माझ्या नावावर मोड.

तू विचारलंस, यादी करणारा अधिकारी कोण होता. सांगतो. आधी यादी कशी होते ते सांगतो.

आमच्याकडे माणसाला निर्वासित म्हणत नाहीत, विस्थापित म्हणतात. विस्थापितांची मोजणी माणसागणिक होत नाही, कुटुंबागणिक होते. तंबू कुटुंबाला मिळतो, जमीन कुटुंबाला मिळते. आणि कुटुंब कशाला म्हणायचं, तर एका चुलीवर शिजलेलं खाणारी माणसं. व्याख्या वाईट नाही. रक्ताचं नातं कुणीही सांगेल, कागद कुणाकडेच नाहीत, पण चूल डोळ्यांना दिसते. बराकीत जाऊन चुली मोजल्या की कुटुंबं मोजून होतात.

पुढे त्या कुटुंबांचे भाग पडतात. कमावत्या हातांची इकडे, बाकीची तिकडे. ज्या बाईमागे पुरुष नाही, म्हातारी आहे, आजारी आहे, तिच्यासाठी एक रकाना आहे. ‘कायमचा बोजा’. हे शब्द मी केलेले नाहीत, वरून आले आहेत. तुमची छावणी त्या रकान्याची आहे, हे तुला कुणी सांगितलं होतं का?

सुरबालेची चूल बराकीत वेगळी होती. म्हणून ती वेगळं कुटुंब झाली. यादी करणाऱ्याने नियमाप्रमाणे केलं. माणूस तसा वाईट नाही.

तुझा,
दादा


हाजरा रोड, कलकत्ता
७ डिसेंबर १९५०

चि. सरले,

विटा मांडून दिल्यास. पहिल्या दिवशी तिने भात केला आणि खायच्या आधी तुला विचारलं, ‘माझी सून जेवली का?’ हे तू लिहिलंस, त्याबद्दल तुझे उपकार. आणि त्याच पत्रात ‘तुमच्या हाताला ही सवय जुनीच आहे’ असंही लिहिलंस. म्हणजे ओळखलंस. सात वर्षांनीही तुझ्यापुढे माझं सोंग टिकत नाही.

हो. यादी मी केली. कारकून वगैरे कुणी नव्हतं.

सगळं लिहितो. १२ ऑक्टोबरची गोष्ट. सकाळी दहाचा सुमार, बराक नंबर तीन. एका खाटेएवढ्या जागेत पाच माणसं. एका अंगाला सुनेची चूल, तिच्यावर मासळीचा रस्सा. दुसऱ्या अंगाला हातभर अंतरावर मातीची इवलीशी चूल, गोमयाने सारवलेली, भोवती पाण्याची रेघ. आपल्या गॅलरीत आईची असायची तशीच. आई त्या रेघेच्या आत बसून एका वेळचा भात करायची आणि आपण दोघं रेघेबाहेरून तिच्याशी बोलायचो. त्या वेळी ती आपल्या कुटुंबात नव्हती असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याच्या श्रीमुखात भडकावली असती.

तेव्हा मला कळलं नाही असं समजू नकोस. कलकत्त्यातल्या दुसऱ्या कुठल्या अधिकाऱ्याला एक वेळ कळलं नसतं. मला बघताक्षणी कळलं.

मी विचारलं, ‘चूल वेगळी?’ म्हातारीने मान वर केली आणि म्हणाली, ‘वेगळी. मी कुणाच्या हांडीतलं खात नाही.’ अगदी ताठ बसून म्हणाली. कमला पुढे झाली, ‘बाबू, तसं नाही, आई आमच्यातच...’ निताईने तिचा दंड धरला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने जमिनीकडे पाहिलं. अंदमानच्या यादीचा नियम त्याच्या कानावर आलेला होता. एका कमावत्या माणसामागे तीन तोंडं चालतात, चौथं नाही. बायको, दोन पोरं, झाली तीन. आई मोजली की जमीन गेली. मलाही त्या आठवड्यात यादी पुरी करून द्यायची होती आणि बारा कुटुंबं कमी पडत होती.

मी लिहिलं. चूल वेगळी, कुटुंब वेगळं, एकटी स्त्री, वृद्ध. टाक उचलून पुढच्या खाटेकडे गेलो.

आता तुझ्या त्या सवयीबद्दल. १९४४ च्या जानेवारीत रेशनकार्डं निघाली, तेव्हा घरातल्या माणसांची नावं मी भरली आणि तुझं भरलं नाही. तू दुष्काळाच्या अन्नछत्रात वाढायला जात होतीस, तिथेच जेवत होतीस. आई तुला स्वयंपाकघरात येऊ देत नव्हती. मी म्हटलं, जी घरात जेवत नाही तिचं नाव घरात कशाला. तू कार्ड पाहिलंस आणि ट्रंक घेतलीस. आई गेली तेव्हाही तुला मी कळवलं नाही. आज दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्या, तर अक्षर एकाच माणसाचं दिसतं. मला माझीच किळस येते.

तर आता प्रश्न असा. कागद दुरुस्त करणं माझ्या हातात आहे. केला, तर म्हातारी मुलाकडे परत येते, पण पाचही जणं यादीतून खाली पडतात. जमीन जाते. पुढची यादी बिहारच्या तंबूंची आहे आणि तिथून काय बातम्या येतात ते तुला माहीत आहे. नाही केला, तर चौघांना जमीन मिळते आणि ही तुझ्या शेडमागे मरते. जहाजाला नऊ दिवस आहेत. तू काय केलं असतंस?

दादा


हाजरा रोड, कलकत्ता
१७ डिसेंबर १९५०

सरला,

तुझं उत्तर एका ओळीचं होतं. ‘कमलेला विचारा.’ सहा दिवस ते माझ्या खिशात होतं.

मी कमलेला विचारलं नाही. जहाज काल गेलं.

दुरुस्तीचा कागद मी लिहिला होता, हे मात्र खरं. अकरा तारखेला लिहिला, सही केली, साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत नेला. दारातून परत आणला आणि माझ्या मेजाच्या खणात ठेवला. चौघांच्या जमिनीसाठी परत आणला, असं तुला लिहिणार होतो. गेल्या पत्रात मी सगळा हिशेब जमिनीचाच मांडला आहे, तू पाहिलंच असशील. पण माझ्या नावाची दिल्लीला शिफारस गेली आहे, बढतीची. त्या कागदाने माझ्याच सहीचा माझाच दाखला खोटा ठरला असता. हे मी सात तारखेच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

खिदिरपूरच्या धक्क्यावर मला जावंच लागलं, यादी माझी होती. जहाजावर चढायच्या फळीपाशी माणसांची रांग. बोचकी, कोंबड्या, एकाने तर तुळशीचं रोप डब्यात घालून आणलेलं. निताईने मला नमस्कार केला, पण वर पाहिलं नाही. कमला रांग सोडून माझ्याकडे आली.

‘बाबू, आई?’

मी म्हटलं, ‘पुढच्या जहाजाने.’

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझं बंगाली वाईट नाही, वीस वर्षं इथे काढली आहेत, पण एवढ्या दोन शब्दांनाही माझी जीभ अडखळली. तिला ते दिसलं असेल की नाही, ठाऊक नाही. तिने पदराखालून दगडाचा वाडगा काढला आणि माझ्या हातात दिला. ‘यातच द्या. दुसऱ्यात जेवायच्या नाहीत.’ मग धाकट्याला काखेत घेऊन फळी चढली.

वाडगा जड आहे. ट्राममध्ये मांडीवर घेऊन आलो. शकुनने विचारलं, हे काय. तेव्हा तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, तुझ्या पत्रांसकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग अजून इथे काय बसला आहात? जाऊन त्यांना घेऊन या.’

मी घ्यायला येतो आहे. परवानगी लागेल ती आणतो. तुला माझ्यासमोर यायचं नसेल तर येऊ नकोस.

चारुदत्त


हाजरा रोड, कलकत्ता
१८ फेब्रुवारी १९५१

चि. सरला हिस, आशीर्वाद.

दीड महिन्यात चार कार्डं पाठवलीस, चारही सुरबालेच्या तब्येतीबद्दल. मीही तेवढ्यापुरतीच उत्तरं दिली. आज रविवार आहे, सविस्तर लिहितो.

आधी त्या दिवसाचं. २८ डिसेंबरला मी आलो तेव्हा तू व्हरांड्याच्या टोकाला पाठ करून औषधाच्या बाटल्या पुसत होतीस. मी हाक मारली नाही. तुझे केस कपाळाकडून पांढरे व्हायला लागले आहेत. एकतीस वर्षांच्या बाईचे इतके पांढरे नसतात. म्हातारीला तू धुतलेलं लुगडं नेसवून फाटकाशी बसवलं होतंस आणि काय खायला द्यायचं, काय द्यायचं नाही, याची चिठ्ठी तिच्या पदराला बांधली होतीस. ती चिठ्ठी शकुनने भिंतीला लावली आहे.

तुमच्या कचेरीने माझ्याकडून फॉर्म भरून घेतला. जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाच्या सहीनेच बाईला सोडतात. नात्याच्या रकान्यात मी ‘आई’ लिहिलं.

गॅलरीत आईच्या जागी तिने चूल मांडली. शकुन मदतीला गेली तर हाताने थांबवलं. शकुन आत येऊन हसली, ‘सासूबाई आल्या हो परत.’ पहिल्या दिवशी मी वाडगा तिच्यापुढे ठेवला. तिने तो ओळखला, पदराने पुसला, कानाशी लावला. का ते मला कळलं नाही. मग म्हणाली, ‘सुनेने दिला ना? ती विसरायची नाही.’ रोज सकाळी मी कचेरीला निघालो की विचारते, ‘जहाज कधी?’ मी म्हणतो, पुढच्या महिन्यात. मागे माझ्या खोटेपणाला तू नावं ठेवायचीस. आता मी रोज नऊ वाजता, टोपी घालता घालता खोटं बोलतो.

पायांना सूज आहे. डॉक्टर म्हणाले, उपासाने आतून खाल्लं आहे, सावकाश भरेल किंवा भरणार नाही. एकादशीला पाण्याचा थेंबही घेत नाही आणि आमचं कुणाचं ऐकत नाही.

आता मंगळवारची गोष्ट. शिरगणतीचे मास्तर आले होते, इथल्याच शाळेतले, भला माणूस. वही उघडून त्यांनी विचारलं, घरात माणसं किती. मी म्हटलं, तीन. त्यांनी गॅलरीत पाहिलं. ‘त्यांची चूल वेगळी दिसते.’

मी काही बोलायच्या आत तिकडून आवाज आला, ‘वेगळी. मी कुणाच्या हांडीतलं खात नाही.’ तेच शब्द, तसंच ताठ बसून.

मास्तरांनी पान उलटलं. नव्या कुटुंबाला नवं पान लागतं. मी त्यांच्या वहीवर हात ठेवला. सरले, माझं वय अठ्ठेचाळीस, सरकारी नोकर, दुसऱ्याच्या सरकारी वहीवर हात ठेवणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, ‘मास्तर, ही आमची रीत आहे. माझी आईही वेगळी शिजवायची. ती याच घरातली आहे.’ ते म्हणाले, नियम असा आहे. मी म्हटलं, तो नियम मला पाठ आहे. बराच वेळ आमचं चाललं. शेवटी त्यांनी मागचं पान काढलं आणि माझ्या आणि शकुनच्या नावाखाली लिहिलं, सुरबाला बिश्वास. कुटुंबप्रमुखाशी नातं, आई. आडनाव वेगळं कसं, हे त्यांनी विचारलं नाही.

मग मला मोह झाला. म्हटलं, माझी एक बहीणही आहे, नदीपलीकडे असते, तिचं नाव इथे लिहिता येईल का? मास्तर हसले. ‘त्या जिथे राहतात, जेवतात, तिथल्या वहीत येतीलच की. दोनदा कसं लिहायचं?’ बरोबर होतं त्यांचं. तुझं नाव तुमच्या शेडच्या वहीत आलं असेल. आलं ना?

तिला बघायला ये. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये. ती तुझी आठवण काढते. तुझं नाव तिला ठाऊक नाही, ‘विटावाली’ म्हणते.

तुझा,
दादा


हाजरा रोड, कलकत्ता
४ मार्च १९५१

सरला,

तार मिळाली असेलच. तू आली नाहीस याबद्दल मी काही म्हणत नाही. सव्वीस तारखेला सकाळी गेली. पोचायला तुला वेळही नव्हता.

चार दिवस उठली नव्हती. भात शकुन करून देत होती, तिच्याच चुलीवर, न्हाऊन, ओलेत्याने, तरी ती खात नव्हती. पंचवीसला दुपारी मला जवळ बोलावलं. मी रेघेबाहेर बसलो. म्हणाली, ‘आत बस.’ मग म्हणाली, ‘तू बराकीतलाच बाबू ना?’

मी हो म्हटलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी सांगायला लागलो. नियम, यादी, जे तुला लिहिलं ते सगळं. तिने हात हलवला. ‘तू चूल विचारलीस. बारिसाल सोडल्यापासून कुणी काही विचारलं नव्हतं. सगळे नुसते ढकलत होते. मला वाटलं, या बाबूला कळतं. एवढं सगळं गेलं तरी सुरबालेने आपलं सोवळं सोडलं नाही, हे हा लिहून घेतो आहे.’ मग विचारलं, ‘लिहिलंस ना?’

मी म्हटलं, लिहिलं.

सरले, तिला वाटलं मी तिचा मान लिहून घेतला. मी तिला ट्रकात घातलं होतं.

कालीघाटच्या स्मशानात अग्नी मी दिला. आईला दिला तिथेच. मनोहर आला होता. चूल तशीच आहे, शकुन मोडू देत नाही.

परवा मास्तर पुन्हा आले. एक तारखेचा सूर्य उगवताना जी माणसं हयात तीच मोजायची असतात, म्हणून ते सगळ्या घरांतून पुन्हा फिरत होते. दारातच विचारलं, ‘कुणी जन्मलं, कुणी गेलं?’ मी त्यांना आत घेतलं. त्यांनी पान उघडलं, तिच्या नावावर पट्टी ठेवली आणि आडवी रेघ मारली. अक्षर खालून दिसत होतं. ‘माणसं किती?’ म्हणाले. मी म्हटलं, दोन. त्यांनी दोनाचा आकडा घातला, चहा नको म्हणाले आणि शेजारच्या दाराशी गेले. एवढं करून मी तिला ज्या वहीत आणलं होतं, तिथेही ती बारा-तेरा दिवसच राहिली.

दिल्लीचा हुकूम आला आहे. बढती मिळाली. मी नको म्हणून लिहिलं. साहेबांना वाटलं, प्रकृतीचं कारण आहे. खणातला तो कागद काल त्यांच्या मेजावर ठेवला. आता त्याचा कुणाला काही उपयोग नाही, हे मलाही कळतं.

तुला मुख्य लिहायचं ते वेगळंच आहे. काल अंदमानहून पत्र आलं. कमलेने कुणाकडून तरी लिहून घेतलं आहे. माझ्या नावाने आहे, पण सगळं सासूसाठी आहे. जमीन मिळाली. माती लाल आहे. धाकट्याला ताप येऊन गेला. तिने लिहिलं आहे की जहाजावर चढताना कुणीच माणसं मोजली नाहीत. तीन घरांच्या म्हाताऱ्या पोरांच्या मागून तशाच चढल्या आणि तिथे उतरल्यावर त्यांनाही कुणी काही विचारलं नाही. आपणच भ्यालो, असं तिने लिहिलं आहे. ‘आपण’ असं लिहिलं आहे, ‘तुम्ही’ नाही.

निताई आईचं नाव काढत नाही म्हणे. पण झोपडी बांधून झाल्यावर पहिलं काम त्याने केलं ते चुलीचं. घरापासून हातभर लांब, पूर्वेकडे तोंड करून, वर गवताचं छप्पर. कमला दर एकादशीला ती सारवते. त्या चुलीवर कुणाला काही शिजवू देत नाही. ‘अजून पेटवलेली नाही,’ असं लिहिलं आहे आणि खाली विचारलं आहे, ‘आईंना कुठल्या जहाजाने पाठवता ते कळवा. वाडगा बरोबर द्या.’

वाडगा माझ्यासमोर आहे. उत्तराला कागदही घेतला आहे. सकाळपासून ‘कमला हिस’ एवढंच लिहून झालं आहे.

दादा